जिप्सी उंच करण्याआधी तिचा टायर ठरवा

उंच केलेली जुनी जिप्सी बाजूने पाहिली की नजर पहिल्यांदा चेसी आणि जमीन यांच्यामधल्या मोकळ्या जागेवर जाते. ती मनात भरण्याआधी गाडीच्या मागे जाऊन उकिडवं बसावं. मागच्या ॲक्सलवर डिफरन्शियलचा फुगीर गोळा दिसेल. पाटे (लीफ स्प्रिंग) बदलले, ते चेसीला जोडणाऱ्या शॅकल लांब केल्या, बॉडीखाली ठोकळे घातले, तरी हा गोळा कारखान्यातून निघताना होता तिथेच असतो, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यातून जातो आणि चाकाचा मध्य जमिनीपासून किती वर राहणार हे फक्त टायरची उंची ठरवते. वाटेतला दगड सगळ्यात आधी आपटतो तो याच गोळ्यावर. म्हणून जुनी गाडी आडवाटेसाठी तयार करताना प्रश्न टायरपासून सुरू व्हायला हवा. कोणता टायर, किती मोठा, हे ठरलं की तो न घासता बसावा यासाठी जेवढी उंची लागेल तेवढीच वाढवायची. आपल्याकडे बहुतेक वेळा हे उलट्या क्रमाने होतं: आधी गाडी पाच इंच वर जाते, मग चाकांच्या कमानी रिकाम्या दिसतात म्हणून मोठे टायर येतात, आणि मग गाडी डांबरावर भरकटते म्हणून गॅरेजच्या खेपा सुरू होतात.

उदाहरण म्हणून जिप्सीच घेऊ, कारण जुन्या फोर बाय फोरची हौस असलेल्या माणसाच्या हाती अजूनही तीच जास्त लागते. मारुतीने ती १९८५च्या अखेरीस बाजारात आणली. मूळ गाडी सुझुकीची एसजे४१०. तिच्या आखूड रूपात पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २०३० मिलिमीटर होतं. आपल्याकडे आली ती लांब आवृत्ती, २३७५ मिलिमीटरची. सुरुवातीचं इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि २०००च्या सुमारास एमपीएफआय लागून ताकद ८० अश्वशक्ती झाली. सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी ती २०१९च्या सुमारास बंद झाली. म्हणजे आज हातात येणारी जिप्सी काही वर्षांचीच असू शकते, तशीच पस्तीस वर्षांचीही. रचना मात्र शेवटपर्यंत तीच राहिली: शिडीची चेसी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांना पाटे, आणि एक टनाच्या आसपास वजन. हे शेवटचं हलकेपण हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. टायर निवडताना नेमका तोच विसरला जातो.

आता थोडा हिशोब. जिप्सीचा मूळ रेडियल टायर २०५/७० आर १५ मापाचा. यातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा डिस्कचा व्यास इंचांत. २०५चे ७० टक्के म्हणजे साधारण १४४ मिलिमीटर; ही भिंत वर आणि खाली दोनदा येते; त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळवले की टायरचा पूर्ण व्यास ६६८ मिलिमीटर भरतो. हाच हिशोब २१५/७५ आर १५साठी केला तर ७०३, २३५/७५ आर १५साठी ७३३, आणि इंचांत विकल्या जाणाऱ्या ३१ × १०.५ आर १५साठी ७८७ मिलिमीटर येतो. गोळ्याला मिळणारी उंची या वाढीच्या निम्मी असते. २१५/७५ बसवला तर सुमारे १८ मिलिमीटर, २३५/७५ला ३३, आणि ३१ इंची टायरला ६०.

तेहतीस मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण जिप्सीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. त्यात इतकी भर पडली की आडवाटेवर जे दगड गोळ्याला घासत होते त्यांतले बरेचसे खालून निसटतात.

याची किंमत इंजिन भरतं. ७३३ मिलिमीटरचा टायर ६६८च्या जागी आला की एका फेऱ्यात गाडी जवळजवळ १० टक्के जास्त अंतर कापते. म्हणजे प्रत्येक गिअर तितकाच उंच झाला. जिप्सी किंगच्या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन मीटर, आणि तोही ४५०० फेऱ्यांवर. खालच्या फेऱ्यांत ते मुळातच कष्टाने ओढतं. दहा टक्के ओढ गेली की घाटात चौथा गिअर टिकत नाही, आणि लो गिअरमध्ये दगडावर सावकाश चढायचं तिथे क्लच अर्धा दाबून चढावं लागतं. ब्रेकचंही तसंच आहे. चाकाचा घेर वाढला की ब्रेकने धरलेल्या तेवढ्याच जोरातून जमिनीवर दहा टक्के कमी रोध मिळतो. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६६च्या वेगाने धावत असते. ३१ इंची टायरला हा फरक जवळजवळ १८ टक्क्यांवर जातो. त्या मापाला ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शियलचे गिअर बदलल्याशिवाय हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २१५/७५ आणि २३५/७५ यांच्यातच बहुतेक जिप्सींचं भलं आहे.

नक्षीचे ढोबळ तीन प्रकार. हायवे टेरेन म्हणजे रस्त्याचा टायर. त्यावर वेळ घालवायला नको. ऑल टेरेनचे ठोकळे मोठे, पण एकमेकांजवळ, आणि ओल्या डांबराला धरून ठेवायला त्यांवर बारीक चिरा. मड टेरेनचे ठोकळे दूरदूर, मधल्या खाचा खोल, आणि खांद्यावरचे दात बाजूच्या भिंतीवर उतरलेले. चिखलात चाक फिरतं तेव्हा या मोठ्या खाचा भरतात आणि फिरण्याच्या जोरावरच माती बाहेर फेकून पुन्हा मोकळ्या होतात. तेच ठोकळे पावसाळी डांबरावर मात्र अडचण करतात. जमिनीला टेकणारं रबर कमी, चिरा जवळपास नाहीत, त्यामुळे ताम्हिणी घाटाच्या उतारावर धुक्यात अचानक ब्रेक मारला तर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आडवाटेपर्यंत पोचायलाही डांबराचाच रस्ता असतो आणि घरी परतायलाही. गाडी स्पर्धेसाठी ट्रकवर लादून नेणार असाल तर मड टेरेन जरूर घ्या. गोव्यात २०१४पासून भर पावसात होणाऱ्या रेन फॉरेस्ट चॅलेंजसारख्या ठिकाणी दुसरं काही चालतही नाही. ज्या गाडीने सोमवारी कामावर जायचं आहे तिला ऑल टेरेन पुरतो.

आपल्या मातीचे स्वभावही वेगवेगळे आहेत. मावळ-मुळशीकडचा तांबडा चिखल बऱ्याच ठिकाणी उथळ असतो, खाली मुरूम किंवा कातळ लागतो. तिथे अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या टणक भागाला भिडतो, आणि फार रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. कोकणातल्या सड्यावर जांभा दगड कोरडा असताना सँडपेपरसारखा धरतो, पण त्याच्या कडा टायरची बाजू कापतात. तिथे नक्षीपेक्षा बाजूच्या भिंतीची मजबुती महत्त्वाची. देशावरची काळी माती हा निराळाच विषय. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की कितीही आक्रमक नक्षी असली तरी दोन फेऱ्यांत चाक गुळगुळीत होतं. तिच्यावर उपाय टायरच्या दुकानात मिळत नाही. शेतकरी पेरणीला थांबतो तसं वाफसा येईपर्यंत थांबावं. एरवी गाडीही अडकते आणि कुणाच्या तरी बांधाशेजारची वाटही खोल चाकोऱ्यांनी वर्षभरासाठी खराब होते.

टायरवर एक दोन किंवा तीन आकडी संख्या आणि एक अक्षर छापलेलं असतं, उदाहरणार्थ १०५ एस. त्यातला १०५ हा भारांक म्हणजे एका टायरला ९२५ किलो पेलण्याची क्षमता. २३५/७५ आर १५ मापात हा भारांक सहज आढळतो. चार टायर मिळून ३७०० किलो झाले, आणि जिप्सी माणसं-सामानासह तेराशे किलोची धरली तर एका चाकावर सव्वातीनशे किलोच येतात. म्हणजे क्षमता आधीच दुपटीहून कितीतरी जास्त आहे. तरीही ‘मजबूत’ म्हणून दहा प्लाय रेटिंगचा, मोठ्या एसयूव्हीसाठी किंवा पिकअपसाठी बनवलेला टायर घेतला जातो. हलक्या गाडीखाली तो वाकतच नाही. दगडावर टायरने दगडाच्या आकाराला कवटाळावं लागतं. ताठ टायर त्याच्यावर उड्या मारतो, आणि आधीच कडक पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिप्सीत पाठीची वाट लागते. शिवाय असा टायर वजनालाही जड. जिप्सीला हलक्या बांध्याचा टायर हवा. विकत घेताना बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचावा: २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. जुन्या गाडीवर स्वस्तात मिळालेले, नक्षी भरपूर पण वयाने दहा वर्षांचे टायर दिसायला नवे असतात. आतलं रबर मात्र वाळलेलं असतं.

आणि या सगळ्याआधी हवा. आडवाटेवर फुकट मिळणारी सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही हीच. टायरचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब इतका असतो. एका चाकावर ३२५ किलो आणि हवा २६ पीएसआय असेल तर तो सुमारे १८० चौरस सेंटिमीटर येतो. हवा १३वर आणली की तो दुप्पट, ३६०. प्रत्यक्षात बाजूच्या भिंती काही भार उचलतात, त्यामुळे आकडा थोडा कमी भरतो, पण दिशा हीच. ही वाढ मुख्यतः लांबीत होते, रुंदीत कमी. टायर जमिनीवर लांब पट्ट्यासारखा पसरतो आणि त्याचे जास्त ठोकळे एकाच वेळी पकड घेतात. वाळूत रुतलेली गाडी निव्वळ हवा कमी करून बाहेर निघते ती यामुळे. साध्या डिस्कवर १५ पीएसआयच्या फार खाली जाऊ नये, कारण वळताना टायरची कड डिस्कवरून सुटते. कमी हवेवर वेग बैलगाडीचाच ठेवावा, आणि डांबराला लागण्याआधी पंपाने हवा पुन्हा भरावी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा चांगला पंप आणि खात्रीचा गेज यांची खरेदी लिफ्टच्या, म्हणजे गाडी उंच करण्याच्या, आधी करावी. वाळूचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: कोकणातल्या किनाऱ्यांवर गाडी घालू नका. वेळाससारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात आणि त्यांवरून चाक गेलं तर आपल्याला कळतही नाही.

टायर ठरल्यावर उंचीकडे वळू. आधी गाडीची सध्याची उंची मोजायची: चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत, चारही बाजूंना. वीस वर्षं ओझी वाहिलेले पाटे बसलेले असतात आणि बऱ्याचदा एका बाजूला जास्त. अशा गाडीची हरवलेली उंची परत आणली तरी निम्मं काम होतं. पाटेवाल्याकडे पाटे मारून कमान चढवता येते. मात्र निव्वळ तापवून ठोकलेले आणि नंतर नीट पाणी न दिलेले पाटे काही महिन्यांत पुन्हा बसतात. नवा संच परवडत असेल तर तोच घ्यावा. त्याच वेळी शॅकलचे बुश, पुढच्या नकलमधल्या किंग-पिनच्या बेअरिंग, स्टिअरिंगमधला प्ले आणि चेसीवर पाटे जोडलेल्या जागा तपासाव्यात. मुंबई-कोकणच्या हवेत राहिलेल्या गाडीच्या चेसीला आतून गंज असतो. छोट्या हातोडीने ठोकत गेलं की टणक आवाज कुठे बदलतो ते कळतं. सैल बेअरिंगवर मोठा टायर चढवला की साठच्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरजोरात थरथरू लागतं आणि गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाही.

नवा टायर किती उंची मागतो हे अंदाजाने ठरवू नये. एक चाक बसवायचं, ते दगडांवर किंवा रॅम्पवर इतकं चढवायचं की पाटे पूर्ण दबतील, आणि मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. २१५/७५ बहुतेक जिप्सींत कुठे घासत नाही. २३५/७५ पूर्ण वळणात आणि पाटे दबल्यावर घासू शकतो; त्याला इंच-दीड इंचाची जागा पुरते. तेवढी कमान चढवलेल्या किंवा नव्या पाट्यांतून मिळते.

लांब शॅकल हा स्वस्तातला मार्ग, म्हणून लोकप्रिय. शॅकल जेवढी लांब करावी त्याच्या निम्मीच उंची मिळते. जिप्सीत पुढच्या पाट्यांच्या शॅकल पुढच्या टोकाला असतात, त्यामुळे त्या लांबवल्या की ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते याच कोनामुळे. तो गेला की महामार्गावर गाडी सतत सावरत बसावं लागतं. ॲक्सल आणि पाट्यामध्ये योग्य कोनाची पाचर घालून तो परत आणता येतो. बॉडी लिफ्टमध्ये चेसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे येतात. टायरला जागा मिळते, पण चेसी होती तिथेच राहते.

राहिला तो मोठा बदल. मूळ जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ॲक्सलवर नव्या बैठका वेल्डिंग करून पाटे वरून नेले की गाडी एका झटक्यात पाच इंचांच्या आसपास वर जाते, आणि जुने पाटेच वापरता येतात. मागच्या ॲक्सलची बैठक वेल्ड करताना डिफरन्शियलचं तोंड प्रोपेलर शाफ्टच्या नव्या दिशेला धरून कोन लावावा लागतो. तो चुकला की शाफ्टचे क्रॉस महिन्या-दोन महिन्यांत जातात. जिप्सी लांब असल्याने तिचा मागचा शाफ्टही लांब आहे, म्हणून हा कोन परदेशातल्या आखूड सुझुकीपेक्षा सौम्य पडतो. तेवढी सवलत तिला आहे. पाटे आता ॲक्सलच्या डोक्यावर असल्याने जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल स्वतःभोवती पिळवटतो आणि पाटे नागमोडी होतात. त्यासाठी वेगळा टॉर्क रॉड लागतो. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक तिरका होतो, तो वरून जोडेल असा बदल केला नाही तर खड्ड्यात चाक वरखाली झालं की गाडी स्वतःच वळते. शॉक ॲब्सॉर्बर लांब हवेत. ब्रेकच्या रबरी नळ्याही लांब हव्यात, आणि ते चाक हवेत पूर्ण लोंबतं ठेवून, स्टिअरिंग टोकाला फिरवून तपासावं. ताणलेली नळी तुटली तर ब्रेकच जातात. काही गाड्यांत ओझ्यानुसार मागच्या ब्रेकचा दाब बदलणारी झडप असते. उंची वाढली की तिच्या लेखी गाडी कायम रिकामी राहते आणि मागचे ब्रेक मंद पडतात.

उलटण्याचा हिशोब तर साधा भूमितीचा आहे. जिप्सी किंगच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सुमारे १३०० मिलिमीटर. वजनाचा मध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटर वर आहे असं उदाहरणापुरतं धरलं, तर स्थिर उभी गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर उलटण्याच्या काठावर येते. तो मध्य १०० मिलिमीटर वर गेला की हाच कोन ४१ अंश होतो. टायर दबतात, पाटे कलतात, गाडी वळत असते, म्हणून प्रत्यक्षातला कोन यापेक्षा बराच कमी असतो. वर टपावर कॅरिअर आणि त्यावर जेरीकॅन ठेवले तर आणखी कमी.

उंचीने पकड वाढत नाही, हेही ध्यानात ठेवावं. जिप्सीच्या साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की सगळं फिरणं तिकडेच जातं आणि जमिनीवरचं चाक थांबतं. चाकं जास्तीत जास्त वेळ जमिनीवर ठेवणं हे पाट्यांच्या लवचिकपणाचं काम आहे. उंचीसाठी जास्तीचे कडक पाटे घातले तर गाडी उंच होते आणि चाकं आधीपेक्षा लवकर हवेत जातात.

कायदाही माहीत असायला हवा. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम नोंदणीत दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलांबद्दल विचारते. त्यामुळे पाटे ॲक्सलच्या वरून नेण्यासारखा बदल खासगी जागेत आणि स्पर्धेत चालणाऱ्या गाडीपुरता ठेवावा. रस्त्यावरच्या गाडीबाबत आधी आरटीओत विचारून घ्यावं, मोठ्या मापाच्या टायरसाठीसुद्धा.

काम झाल्यावर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे पाटे बसताना ते सैल पडतात. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी, म्हणजे टायर पाच लागतात. फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र जोडला जातो. एक चाक वेगळ्या घेराचं असेल तर टणक जमिनीवर गिअरांवर ताण येतो. मोठी स्टेपनी मागच्या दारावर टांगली की दाराच्या बिजागऱ्या वाकतात, तेव्हा तिला वेगळा आधार द्यावा. गाडीसोबत आलेला जॅक आता चेसीखाली लावला तर पूर्ण उघडूनही चाक उचलणार नाही. जास्त उंचीचा जॅक आणि चिखलात तो रुतू नये म्हणून खाली ठेवायला जाड फळी, दोन्ही गाडीत टाकून घरासमोर एकदा चाक बदलून पाहावं.